न उचललेला खडा

आताची लढाई नव्हे, तिच्या आधीची. मार्गशीर्ष लागला होता. आंदर मावळातल्या हिरडवाडीचा बजरंग गुरव सकाळी सकाळी ओढ्यावर खडे वेचायला गेला होता. काम काही मोठं नव्हतं. मुठीत मावतील असे गोल, धुतलेले दहा खडे उचलायचे, धोतराच्या सोग्यात बांधायचे आणि कळमजाईच्या राईच्या तोंडाशी नेऊन ठेवायचे. धुई अशी दाट पडली होती की पाण्यात हात घातला तर कोपराच्या पुढचा हात आपला की दुसऱ्याचा, ते कळू नये. बजरंग वीस वर्षांचा. शीळ घालत होता. पलीकडच्या काठावरून शीळकरी पाखरू त्याच्या शिळेला शीळ देत होतं. लहानपणापासूनची त्यांची ही रोजची ओळख.

राई म्हणजे नुसतं रान नव्हे, हे मावळात कुणाला सांगावं लागत नाही. पण वाचणारे सगळे काही मावळातले नसतात. राई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथली काडी चुलीला न्यायची नाही. वठलेली फांदी पडली तर पडली. तिला आतच कुजायचा हक्क. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या, या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजन, आणि उन्हाचा कवडसा भुईवर पडायला माध्यान्ह व्हावी लागे. आतून एक झरा निघे, तोच खाली ओढा होऊन गावाला पाणी पाजी.

त्या राईच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा एक काळा सपाट दगड होता. आत जाणाऱ्यानं पायताण काढायचं, ओढ्यातून आणलेला आपला खडा आपल्या हातानं त्या दगडावर ठेवायचा आणि मग पाऊल टाकायचं. बाहेर येताना आपल्या हातानं उचलायचा, ओढ्याला परत द्यायचा. दिवस बुडताना गुरवानं दगड बघायचा. खडा दिसला तर कुणीतरी आत राहिलंय. मग तीनदा हाक घालायची, "खडा हितं, धनी कुटं?" आतून "ओ" आली की टेंभा पेटवून शोधायला जायचं. भरदिवसा वाट चुकायची राई ती. जुन्या माणसांनी शहाणपणानंच ही रीत घालून दिली होती. खडा ज्याचा त्यानंच ठेवायचा, एवढं मात्र कडक होतं. का, ते कुणी सांगत नसे. आणि लोखंड आत न्यायचं नाही, हेही.

बजरंगाचा बाप पटकीत गेल्यापासून गुरवपण त्याची आई अंबूबाई करी. बाईमाणसानं देवीला हात लावावा का, असं एकदोघांनी आडून विचारून पाहिलं. अंबूबाईनं समोर येऊन विचारायला सांगितलं. समोर कुणी आलं नाही.

आता दहा खडे कशाला, ते सांगते. त्या साली लोणावळ्याकडं धरणांची कामं निघाली होती, घाटात आगगाड्या वाढल्या होत्या, आणि पुण्या-मुंबईच्या शेगड्यांना कोळसा पुरत नव्हता. डोंगरामागून डोंगर भट्ट्यांत गेले. पुण्याचा एक ठेकेदार हिंडत हिंडत हिरडवाडीला आला आणि राई बघून त्याची मान वरच्या वर राहिली. गावाचं म्हणणं पडलं की आम्ही कोण हो म्हणणार, देवीला विचारा. देवीला विचारायची रीत अशी की मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या अंबूबाईनं लावल्या, गाऱ्हाणं अंबूबाईनं घातलं. सगळं गाव जमलं होतं. उजवी पडली. पाटील रखमाजी आबा उठले आणि घरी गेले. ठेकेदारानं गावचा माणूस म्हणून बजरंगाला तोडणाऱ्यांवर नाईक नेमला.

बजरंगाला खरं तर पलटणीत जायचं होतं. वडगावला भरतीचा तंबू लागला होता. गावातले दोघे आधीच लढाईवर, समुद्रापलीकडं बसऱ्याला गेले होते. एकाचा मेल्याचा कागद आला होता आणि दुसऱ्याचा कागदसुद्धा आला नव्हता. नाईकी मिळाल्यावर बजरंगाचा पाय घरात राहिला. आईच्या तोंडावर त्या दिवशी काय होतं, ते त्यानं बघितलं नाही. वीस वर्षांचा मुलगा आईच्या तोंडाकडं कधी बघतो?

तर तोडणारे नऊजण घाटाखालून आलेले. रानाच्या वरच्या अंगाला त्यांच्या खोपी. त्यांना खडे-बिडे सांगितल्यावर ते हसले. आम्ही वरच्या अंगानं उतरू, तुमच्या दगडाशी आमचं काय काम, म्हणाले. बजरंगाला रीत मोडायची नव्हती आणि भांडायचंही नव्हतं. त्यानं दोन्ही साधलं. नऊजणांचे नऊ आणि आपला दहावा, असे दहाही खडे त्यानं स्वतःच दगडावर मांडले. दगडापाशी रज्जाकची गाडी उभी होती. रज्जाक वडगावचा गाडीवान, वयानं बजरंगाच्या दुप्पट. तोडलेली लाकडं भट्टीपर्यंत ओढायचं काम त्याच्याकडं. त्यानं ते खडे बघितले आणि विडी पेटवता पेटवता थांबला.

"धाच्या धा तूच ठेवलेस?"

"मंग काय त्यांच्या पाया पडू?"

"न्हाई, इचारलं." रज्जाकनं विडी कानावर ठेवली. "माझा ठिवू नगंस हां. मी आत येत न्हाई. मला बोलावणं न्हाई."

बजरंग हसला. कुऱ्हाड खांद्यावर टाकून आत गेला.

पहिला घाव बजरंगानंच घालावा, असं ठरलं होतं. गावच्या माणसाचा हात लागला की बोल राहत नाही म्हणून. त्यानं एका जुन्या जांभळीवर घाव घातला. धुईत घावाचा आवाज जसा यायला हवा तसा आला नाही. तो ठक् करून वाजला आणि तिथंच राहिला. पुढं गेला नाही, डोंगरावर आपटून माघारी आला नाही. जसं घरातल्या कुणीतरी घरातच काही पाडावं आणि सगळे गप्प व्हावेत. जांभळीवर शेकराचं घरटं होतं. झाड पडताना ते तांबूस जनावर एका उडीत पलीकडच्या बेहड्यावर गेलं आणि तिथून खाली डोकं करून बघत राहिलं. ओरडलं नाही. दिवसभर त्यानं जागा सोडली नाही. चार झाडं पडली.

तिन्हीसांजेला तोडणारे वरच्या अंगानं खोपीकडं गेले. बजरंग दगडाशी आला. अंबूबाई रिवाजाप्रमाणं खडे बघायला येऊन उभी होती. त्यानं एकेक करून दहा खडे उचलले, मोजत मोजत सोग्यात टाकले. दहा झाले. दगडावर एक खडा उरला.

त्यानं सोग्यातले पुन्हा मोजले. दहाच. दगडावरचा अकरावा.

"रज्जाकभाईचा आसंल," तो म्हणाला.

"रज्जाक आत गेला न्हाई," आई म्हणाली. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि हाक घातली. "खडा हितं, धनी कुटं?"

राईत पान हललं नाही. दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा घातली, आणि तिसरी पुरी व्हायच्या आत आतून उत्तर आलं.

"ओ..."

लांबून आलं, निवांत. न्याहारीला हाक मारल्यावर परसातून द्यावी तशी. अंबूबाईनं राईकडं बघितलं नाही. तिनं मान वळवून बजरंगाकडं बघितलं. त्याचे ओठ मिटलेले होते. पण घसा हलला होता. त्याचा त्यालाच कळला होता. आपण "ओ" दिली नाही आणि तरी ती देऊन झाल्यावर घशात जे राहतं, ते त्याच्या घशात राहिलं होतं.

टेंभा पेटवून दोघं झऱ्यापर्यंत जाऊन आली. कुणी नव्हतं.

घरी आल्यावर आईनं चुलीवर सुकट भाजली. बजरंग उंबऱ्यात बसून होता. सुकटीचा वास आळीभर जातो. शेजारचं मांजर येऊन बसलं. बजरंगाच्या पुढं ताट आलं तेव्हा त्याला कळलं की सुकट केली आहे. त्यानं भाकरी नाकाशी नेली. नंतर मूठभर माती उचलून नाकाशी नेली, गाईच्या पाठीवर नाक टेकवलं. कशालाच वास नव्हता. थंडीनं नाक चोंदलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. श्वास मात्र मोकळा चालला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुई, पुन्हा दहा खडे. का ठेवलेस म्हणून विचाराल तर न ठेवायचं धाडस त्याला झालं नाही. सकाळी ओढ्यावर त्यानं शीळ घातली आणि थांबला. पलीकडच्या दगडावर शीळकरी येऊन बसलं होतं. काळंनिळं, अगदी समोर. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. गळा फुगत होता. आवाज येत नव्हता. बजरंगानं कान चोळले. पाण्याचा आवाज येत होता, रज्जाकच्या बैलांच्या घुंगरांचा येत होता. पाखराचा तेवढा नाही. पुढं दिवसभर त्यानं वर बघितलं की चोची दिसत, पंख दिसत, आणि सगळं आभाळ मुकं. घाव मात्र लख्ख ऐकू येत. संध्याकाळी दगडावर दोन खडे उरले. आईनं हाक घातली. आतून दोन वेळा "ओ" आली. एक जवळून आणि एक लांबून.

तिसऱ्या दिवशी बजरंगाच्या तळपायात बोटभर काटा मोडला आणि त्याला कळलं नाही. रज्जाकनं दाखवला. रक्त मातीत ठिपकत होतं आणि बजरंग त्याच्याकडं बघत होता, जसं गाडीच्या चाकाकडं बघावं. रज्जाक खाली बसला, चिमट्यानं काटा उपसू लागला. निम्मा निघाला, निम्मा आत राहिला. त्यानं बजरंगाच्या तोंडाकडं बघितलं, मग दगडावरच्या खड्यांकडं बघितलं.

"बजरंगा, आज माघारी जा. आयेला सांग. जे घडलं ते समदं सांग."

"काय घडलंय?"

"त्ये तुला इचाराय लागतंय, त्येच घडलंय."

त्या दिवशी दुपारीच तो दहा खडे उचलून, उरलेले तीन दगडावर तसेच टाकून घरी आला. अंबूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्यानं सांगितलं. वासाचं, पाखरांचं, काट्याचं. सांगताना त्याला भीती वाटत नव्हती, आणि भीती वाटत नाही याचीच कुठंतरी खोल, दुसऱ्याच कुणाला तरी वाटावी तशी भीती वाटत होती. अंबूबाईचे हात थांबले.

"खडे कुणाच्या हातानं ठिवलेस?"

"माझ्याच."

"धाच्या धा?"

"व्हय."

तिनं सूप बाजूला सारलं.

"राईच्या लेखी धाजण आत गेलेच न्हाईत, पोरा. तूच धा येळा आत गेलास. आन् भायेर आलास एकदाच." मग ती हळू म्हणाली, "ती रोज तुझा येकेक वाटा आत ठिवून घेतीया. खडे उचलून तिला फसवता येत न्हाई. तिला फशिवणारी म्या एकटीच."

मग तिनं सांगितलं. देवीच्या डाव्या खांद्यावरची कळी तिनं पाण्यानं लावली नव्हती. फणसाच्या चिकानं लावली होती. ती वाळून गळाली असती पण पडली नसती. उजवी आज ना उद्या पडणारच होती.

"तू बसऱ्याला जाशील म्हनून," ती म्हणाली. "म्हनलं, झाडं काय, झाडं हायेत. मुलगा एकच हाय. घरी राहावा. आन् आता घरी कोण राह्यलंय, ते मलाच कळंना."

त्या संध्याकाळी चावडीवर अंबूबाईनं सगळ्या गावापुढं हे पुन्हा सांगितलं. खाली मान घालून नाही. उभं राहून, नेहमी बोले त्याच आवाजात. पुरुषांपैकी एकदोघांनी तोंड सोडलं. रखमाजी आबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. कळी डावी पडायची होती हे आपल्याला तेव्हाच ठाऊक होतं, ते म्हणाले; आयुष्यात देवीनं राईला लोखंड लावायला कधी हो म्हटलं नव्हतं. पण उजवी पडली तेव्हा आपण घरी जाऊन झोपलो. तेव्हा दोष एकट्या बाईचा नाही. रज्जाक चावडीखाली गाडीला टेकून उभा होता. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, आपण दुसऱ्याच्या दारात शिरताना चप्पल काढतो. हितं आमी दारच फोडलं. उद्यापासून माझे बैल या लाकडाला जुंपणार नाहीत. ठेकेदाराला काय सांगायचं ते मी सांगतो.

ठेकेदार चार दिवस आदळआपट करून दुसऱ्या डोंगराकडं गेला. डोंगर पुष्कळ होते. त्या डोंगरांची हाक कुणी घातली नाही, म्हणून ते आज बोडके आहेत. पण ते नंतरचं.

चावडीच्या दुसऱ्या सकाळी पुन्हा दाट धुई पडली होती आणि अंबूबाई ओढ्यातून आपला एक खडा घेऊन आली. दगडावर तीन खडे होते. तिनं चौथा ठेवला. बजरंगाला म्हणाली, "हितंच उभा ऱ्हा. काय बी ऐकू आलं तरी आत येऊ नगंस." आणि पायताण काढून धुईत शिरली. चार पावलांत दिसेनाशी झाली.

बजरंग उभा राहिला. पहिल्यांदा तिच्या पावलांखालचा पाचोळा ऐकू येत होता. मग तोही नाही. धुई झाडांतून संथ सरकत होती, पण वारा नव्हता. बऱ्याच वेळानं आतून आईचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती. हाका मारत नव्हती, रडत नव्हती. लहान मुलाला घरी न्यायला आलेली बाई बोलते तसं बोलत होती.

"...उठ. त्या बुंध्यावर बसू नगंस, त्याला अजून दुखतंय... हां. आन् ह्यो कुटं निघाला?... चल. पाय भरल्यात बघ चिखलानं... त्या शेकराकडं बघू नगंस. त्याचं घर तूच पाडलंस, ते बघणारच..."

मग गप्प. मग एकदम जवळून, अगदी पुढच्या झाडामागून, "समदे आलात ना रं?"

आणि तीन आवाज एकदम म्हणाले, "व्हय."

बजरंगाचा घसा हलला.

अंबूबाई धुईतून बाहेर आली. एकटीच. चालणं मात्र एकटीचं नव्हतं. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरलेले, मुठी मिटलेल्या, बाजारातून पोरं नेताना धराव्यात तशा. तोंड पांढरंफटक पडलं होतं. दगडाशी आल्यावर तिनं मुठी सैल केल्या.

"उचल."

बजरंगानं पहिला खडा उचलला, आणि वास त्याच्या अंगावर धावून आला. कुजलेला पाला, ओली साल, शेवाळ, कापलेल्या जांभळीचा आंबट कच्चा वास, आईच्या लुगड्याचा धूर. दुसरा उचलला तसं सगळं आभाळ फुटलं. इतकी पाखरं या राईत आहेत हे त्याला जन्मात कळलं नव्हतं. तिसऱ्याला हात घातला आणि तळपायातला मोडका काटा तीन दिवसांचं दुखणं एकदम घेऊन उठला. तो दगडाशी बसला, पाय धरून ओरडला, आणि ओरडता ओरडता हसायला लागला.

हसू ओसरल्यावर त्यानं बघितलं. दगडावर अजून एक खडा होता.

"आये, तुझा ऱ्हायला."

"ऱ्हाऊ दे."

"आये..."

"फुकट कुनी देत न्हाई, बजरंगा. म्या तिला फशिवलं, आन् वर तीनजण मागून आणले. मागं कुनीतरी ऱ्हायाच लागतं." तिनं पायताण घातलं. "चौदा बुंधे हायेत. त्या चौदांवर सावली पडंल, तवा बघू. चल, भूक लागली."

आणि ती घराकडं चालू लागली.

बजरंग पलटणीत गेला नाही. गुरवपण त्यानं घेतलं. चौदा बुंध्यांपैकी नवांना धुमारे फुटले. ते शेळ्यांपासून राखले. पाच फुटले नाहीत, तिथं त्यानं त्याच जातीची बी लावली आणि चैत्र-वैशाखात झऱ्याचं पाणी घागरीनं घातलं. कुणी कुऱ्हाड घेऊन राईकडं वळलं तर तो आडवा जाई. गावची पोरं तो आत नेई, प्रत्येकाला आपला खडा आपल्या हातानं ठेवायला लावी, आणि आत नेऊन काही बोलत नसे. नुसतं ऐका म्हणे. सातव्या वर्षी शेकरू परतलं. सहा वर्षं ते कुठं होतं, देवी जाणे. लोक म्हणत, बजरंग झाडांवर पोटच्या पोरासारखी माया करतो. माया होतीच. पण तो बुंधे बघायला जाई तेव्हा आधी भुईवरची सावली बघे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घरात अंबूबाई होती तशीच होती. तशीच भांडे, तशीच ताठ चाले. बजरंगाचं लग्न केलं, नंदाबाई सून आली. फक्त सासूची भाकरी करपायची. तव्याशी बसून, डोळ्यांसमोर भाकरी काळी व्हायची, घरभर धूर व्हायचा, आणि ती दुसरी थापत असायची. नंदाबाई पहिल्यांदा हसली. मग नंदाबाईच्या ध्यानात आलं की अंगणात पाखरांनी कलकलाट केला तरी सासूबाई मान वर करत नाहीत, आणि एकदा निखारा पायावर पडला तो त्यांनी सुनेनं ओरडल्यावर बघितला. तेव्हापासून चूल तिनं आपल्याकडं घेतली आणि पुन्हा कधी हसली नाही.

आणि रोज तिन्हीसांजेला बजरंग दगड बघायला जाई. खडा दिसला की हाक घालायची ही रीत; आणि खडा तर रोज दिसे. "खडा हितं, धनी कुटं?" आतून आईचा आवाज येई. "ओ..." निवांत, काही तक्रार नसलेला. मग तो घरी येई आणि आई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असे. तेवीस वर्षं. पहिल्यांदा तो घराकडं पळत सुटे. पुढं चालत येऊ लागला. आणखी पुढं तर दोन दिवस परगावी राहिला की त्या आवाजाची त्याला चुटपुट लागे. दुसऱ्यांदा मात्र त्यानं कधी हाक घातली नाही.

ही लढाई लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी, भादव्यात, अंबूबाई गेली. दुखणं असं नव्हतं. शेवटल्या दिवशी तिनं मुलाला जवळ बोलावून विचारलं, "किती झाले रं?" त्याला कळलं. "तेरा," तो म्हणाला. "एक बेहडा ऱ्हायलाय. यंदा पानं बरी हायेत." तिनं डोळे मिटले. "लय सावकाश वाढतोय मेला," म्हणाली. ते शेवटचं.

आईचं तेराव्या दिवसाचं कार्य झाल्यावर बजरंग राईत गेला. उजळ दुपार होती, पाऊस दोन दिवस उघडला होता. जुन्या बुंध्याच्या पोटातून उठलेला बेहडा आता बजरंगाच्या दुप्पट उंच होता, आणि त्या बुंध्याच्या काळ्या, भेगाळलेल्या चकतीवर त्याचीच सावली पडली होती. पुरी; काठापासून काठापर्यंत. बजरंग तिथंच संध्याकाळपर्यंत बसला. उन्हं कलली तशी सावली कलली, तर शेजारच्या अंजनाची त्या जागी आली. शेकरू फांदीवरून त्याच्याकडं बघत होतं.

दिवस बुडताना तो दगडाशी आला. स्वतःचा खडा उचलला. आज आईचाही उचलायचा आणि ओढ्याला द्यायचा, असं तो दिवसभर मनाशी घोकत आला होता. ज्याचा त्यानंच उचलायचा ही रीत मोडून. हात पुढं केला. दगड रिकामा होता. तेवीस वर्षं खडा जिथं बसला होता तिथं शेवाळात त्याची गोल कोरडी जागा तेवढी उरली होती.

खडा नसला तर हाक घालायची नसते. तरी त्यानं घातली. "धनी कुटं?"

राईत पाखरं बोलत होती, झरा वाजत होता. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा घातली, मग तिसऱ्यांदा. राईत आता कुणी नव्हतं.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. रडू आलं, ते त्यानं येऊ दिलं. आणि मग आपला खडा ओढ्याला देऊन घराच्या वाटेला लागल्यावर त्याच्या मनात आलं की खडा उचलला म्हणजे बाहेर आली. बाहेर येऊन गेली कुठं? शरीर तर नदीकाठी जाळून आलो. त्याची पावलं भराभर पडू लागली.

नंदाबाई दारात उभी होती. दिवा लावलेला नव्हता.

"तुमी मघा घरात येऊन गेलता का?"

"न्हाई."

"वासरू सुटलं म्हनून मी मागं गेलते. तव्यावर भाकर तशीच. लय येळ गेला. म्हनलं, कोळसा झाली आसंल." तिनं पदर तोंडाशी धरला. "येऊन बघती तर उलटलेली. शेकून फुगल्याली. कुटं डाग न्हाई हो तिला..."

बजरंग आत गेला. भाकरी चुलीतल्या निखाऱ्यांशी उभी करून ठेवली होती, आई पूर्वी ठेवी तशी. घरभर तिचा गोड, खरपूस वास भरला होता. तिच्याजवळ, चुलीच्या काठावर, ओढ्यातले खडे होते. ओले, वाळूसकट पाणी अजून निथळत होतं.

आईनं एकच खडा ठेवला होता. चुलीच्या काठावर दोन होते. राईतून ती एकटी बाहेर आली नव्हती.